मॅडमनी पहिल्याच वाक्यात खुनी सांगितला

मंडळी, आज हडपसरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी कार्यशाळा होती. विषय, 'रहस्य कादंबरी कशी समजून घ्यावी'. माझी नववीतली भाची मुक्ता मोठ्या हौसेने आली होती. नेमलेली कादंबरी तिने जवळजवळ संपवली होती, फक्त शेवटची दोन प्रकरणं रात्री निवांत वाचायची म्हणून राखून ठेवली होती.

मॅडमनी माईक घेतला. "खुनी ग्रंथपाल आहे. आता उत्कंठा कशी निर्माण झाली, ते मुद्द्यांत लिहून घ्या."

मुक्ताचा चेहरा पडला. "मॅडम, मग आता पुस्तक वाचायचं कशाला?"

"अगं, वाचायचं नाहीये. समजून घ्यायचंय."

पालकांनी माना डोलावल्या. आपल्याकडे माईकवरून बोललेलं सगळं पटतं. नंतर तासभर ग्रंथपालाची स्वभाववैशिष्ट्यं झाली. धूर्त, अबोल, संशयास्पद. परीक्षेत प्रत्येकी एक गुण.

परतताना रिक्षात मुक्ताने रागारागाने उरलेली प्रकरणं उघडली. पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना ती एकदम हसायला लागली.

"मामा, खुनी ग्रंथपाल नाहीच आहे. तो संशय मुद्दाम पेरलाय."

म्हणजे लेखकाने लावलेल्या सापळ्यात एकच वाचक अडकला होता, आणि तो माईक धरून शिकवत होता. शेवट बाईंनी वाचलेलाच नाही.

"त्यांना कळवूया?" मुक्ताने विचारलं.

पुढच्या रविवारी हीच कार्यशाळा कोथरूडला आहे. तुम्ही कळवलं असतं का? मी तर बजावलंय, अजिबात नाही. निदान तिथल्या मुलांसाठी खरा शेवट तरी शाबूत राहील.