बिगुलसरांचा अस्सल कागद

नागरिकशास्त्राचे सर चोवीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते. एक गुणी मुलगा रोज पहाटे बिगूल वाजवून गल्लीला उठवायचा, गल्ली त्याच्यावर जीव टाकायची. आणि एके दिवशी नगरपालिकेने कुणालाही न विचारता त्याचा बिगूल बंद केला. इथे सर डोळे पुसत. मुलगा कोण, हे सांगायची गरजच नव्हती. सगळी शाळा त्यांना बिगुलसर म्हणे.

यंदा शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. पुस्तक मिटा, अस्सल कागदावरून शिकवा, असा त्याचा मंत्र. मुख्याध्यापिकांनी बजावलं, की प्रमाणपत्र आणलं नाहीत तर नागरिकशास्त्राचा तास पीटीच्या सरांकडे जाईल. पीटीचे सर नागरिकांचे हक्कसुद्धा सावधान-विश्राम करत शिकवतील, याची बिगुलसरांना खात्री होती.

मग ते नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि शिंकत शिंकत बिगूलबंदीचा जुना कागद शोधून त्याची झेरॉक्स घेऊन आले. वरचा शिक्का पाहूनच त्यांना भरून आलं. वाचला मात्र नाही. पाठ असलेला धडा कोण वाचतो?

नमुना पाठाला बाकीचे शिक्षक विद्यार्थी होऊन बाकांवर बसले. मोठी माणसं बाकावर बसली की मुलांहून वाईट वागतात. सरांनी गोष्ट सांगितली, डोळे पुसले, कागद फिरवला. मागच्या बाकावरून भूगोलाच्या बाई म्हणाल्या, की हा हुकूम कुठाय, हा तर गल्लीनं केलेला अर्ज आहे, एकतीस सह्यांचा. आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचायलाच घेतला. मुलाला सूर नाही, दम मात्र अफाट आहे, असं त्यात लिहिलं होतं. वर्ग खो खो हसला. सरांनी कागद ओढून घेतला, चष्मा चढवला. पहिली सही त्यांच्या आईची होती.

सर मटकन खुर्चीत बसले. गोष्ट गेली, आता तासही जाणार. फार वाईट वाटलं त्यांना. पण गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. उठून त्यांनी फळ्यावरचं 'अन्याय' पुसलं, 'अर्ज' लिहिलं, आणि तो कुणी केला, कुणाकडे केला, का केला, हे वर्गालाच विचारत सुटले. तास कधी संपला ते कळलं नाही. प्रशिक्षक बाईंनी प्रमाणपत्रावर तिथेच सही केली.

घरी येताच सरांनी कागद आईपुढे धरला. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मीच दारोदार फिरले सह्यांसाठी," ती म्हणाली. "तूच शिकवतोस ना, नागरिकानं गप्प बसू नये म्हणून?"

"अगं, पण आधी मला तरी सांगायचंस."

"सांगत होते की. रोज सांगत होते. तू वाजवत होतास."

आईला त्यांची दया आली असावी, कारण तिनं कपाटाकडे बोट दाखवलं.

"आता वाजव हवं तर. मला कमी ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी वाजवला. आठवड्याच्या आत वर्गात शिकवायला त्यांच्याकडे ताजा अस्सल कागद आला, सत्तेचाळीस सह्यांचा. या खेपेला पहिली सही बायकोची होती.