पीडीएफची जेपीजी करताना

स्टाफरूममध्ये एक टॅब आला की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या लोह्याजवळच्या शाळेतला टॅब माझ्या ताब्यात आहे, कारण तो चालू कसा करायचा हे पहिल्यांदा मला सापडलं. ऑनलाईन फॉर्मला पीडीएफ चालत नाही, फोटो लागतो, म्हणजे जेपीजी. एका वेबसाईटवर पीडीएफ टाकली की दर पानाचा एक फोटो तयार होतो. काम एवढंच, पण माणसं आमची!

आमच्या हेडसरांचा वेबसाईटवर भरोसा नाही. त्यांनी टॅबवर आपलं बीएडचं प्रमाणपत्र उघडलं आणि मोबाईलनं त्याचा फोटो काढून पाठवला. नांदेडच्या ऑफिसातून फोन आला, "सर, प्रमाणपत्रावर मधोमध टोपीवाले कोण हायत?"

टॅबच्या काचेत सर स्वतःच उमटले होते. सर शांतपणे म्हणाले, "मीच हाय. प्रमाणपत्र बी माझंच हाय. मग बिघडलं काय?"

कदम गुरुजींच्या सर्व्हिसबुकाचे बावीस फोटो झाले आणि चुकून घरच्या ग्रुपवर गेले. मेहुण्यानं न वाचता प्रत्येक पानाला अंगठा दिला. हदगावच्या थोरल्या अक्कांनी मात्र पहिल्याच पानावरची जन्मतारीख नीट वाचली आणि फोन लावला. "एक जून? अरे, तू पोळ्याला झालास. बैल धुवायचे सोडून मी मायपाशी बसले होते."

गुरुजी म्हणाले, "अक्का, आमच्या वर्गातले निम्मे एक जूनचेच हायत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं."

शिंदे मॅडमच्या वेळी मात्र मला हसू आलं नाही. त्या इथं, नवरा लातूरला मास्तर, पाच वर्षांची पोरगी तिथं आजीपाशी. बदलीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका चालणार होती. तिचे दोन फोटो झाले, जागा एकाच फोटोची. घाईत मी पहिला टाकला आणि अर्ज गेला.

पडताळणीला नांदेडला आम्ही सगळे गेलो. लातूरहून नवरा पोरीला घेऊन आला होता. साहेबांनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली. "मॅडम, ह्यात नुसता गणपती हाय. नवरा-नवरीचं नाव कुठंय?"

नावं दुसऱ्या पानावर होती. चूक माझी होती. मी पिशवीतून टॅब काढून दुसरं पान शोधायला लागलो. मॅडम खाली मान घालून उभ्या होत्या. तेवढ्यात पोरगी बापाच्या मांडीवरून उतरली आणि मॅडमच्या पदराला जाऊन चिकटली.

साहेबांनी तिला विचारलं, "ह्या कोण गं तुझ्या?"

"लोह्याची मम्मी."

"अन् लातूरची मम्मी?"

"लातूरला मम्मी नसती. रविवारी येती."

साहेबांनी माझ्याकडं हात पुढं केला. "गुरुजी, दुसरं पान आणा इकडं."