गाठ इंदूरला, राजधानी भोपाळ

मध्य प्रदेशाची राजधानी मला पाचवीत असताना येत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच वर्षी शाळेच्या हॉलमध्ये, माइकसमोर, ती येत नाही असं मी सांगितलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, टॉवेल-चादरींसाठी नावाजलेल्या आमच्या शहरात, भवानी पेठेतल्या एका गोदामात गाठी बांधायचे. चादरींचे थर दाबून घ्यायचे, वरून गोणपाट ओढायचं, दाभणाने सुतळी घालून ते शिवायचं आणि शेवटी काळ्या शाईत ब्रश बुडवून गाठीवर पत्ता घालायचा. पत्ता इंग्रजीत असे. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, नातेपुत्याच्या पुढच्या एका वाडीत मेंढरं राखणाऱ्या घरातले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण इंदूर, कानपूर, सुरत हे शब्द ते मोठ्या इंग्रजी अक्षरांत असे काढायचे की रेघ कुठे वाकडी जात नसे. लिहायचे म्हणवत नाही, काढायचेच. रांगोळी काढावी तसे.

मला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे पहिलीपासून माझा अभ्यास घरात कुणालाच कळत नसे. शाळेच्या डायरीत बाईंनी काय लिहिलंय ते मीच वाचून दाखवायचे, थोडं गाळून. आप्पा खाली मराठीत सही करायचे. माझ्या शाळेत आपल्याला करता येईल असं काही असावं, ही त्यांची फार इच्छा होती. वर्गाला रंग द्यायचा असेल तर सांग, बाकं दुरुस्त करायची असतील तर सांग, असं ते मला म्हणायचे. मी सांगत नसे. वर्गात मी सांगितलं होतं की माझे पप्पा टेक्स्टाइल बिझनेसमध्ये आहेत. घरात आप्पा आणि शाळेत पप्पा, अशी दोन माणसं मी करून ठेवली होती.

पाचवीच्या पुस्तकात राज्यं आणि राजधान्यांचा तक्ता आला. अठ्ठावीस राज्यं होती तेव्हा. मी मोठ्याने पाठ करत बसले होते आणि आप्पा जेवत होते. बिहार, पाटणा. राजस्थान, जयपूर. त्यांचा घास हातातच राहिला.

"आक्का, हे तर मला येतंय की!" मला ते आक्का म्हणायचे. "इचार बरं मला."

"छत्तीसगढ?"

"रायपूर."

"झारखंड?"

"रांची."

"गुजरात?"

"सुरत."

"चूक! गांधीनगर."

"चूक कसं? सगळा माल तर सुरतंला जातो."

"आप्पा, राजधानी म्हणजे जिथं सरकार असतं."

"मग सरकारला चादरी लागत न्हाईत व्हय?"

मी हसले, तेही हसले. पण ते तिथे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी युक्ती करून आणली होती. आधी जिथं गाठ जाते ते गाव म्हणायचं, मग तिथून राजधानीला वळायचं. गाठ सुरतेला, राजधानी गांधीनगर. गाठ कानपूरला, राजधानी लखनौ. गाठ इंदूरला, राजधानी भोपाळ. पहिला भाग ते म्हणायचे आणि दुसरा मी. ईशान्येकडच्या राज्यांचं आमचं जरा अडलं. तिकडे त्यांच्या गोदामातून थेट काही जात नव्हतं. "गुवाहाटीपत्तर गाठ आपली," ते म्हणाले. "फुडं त्यांचं ते बघत्यात." म्हणून गाठ गुवाहाटीला, राजधानी कोहिमा. गाठ गुवाहाटीला, राजधानी ऐजॉल. तक्त्यात पाच-सहा राज्यं अशी गुवाहाटीवरूनच वळायची.

रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गोदामात जायचे. तिथे चादरींच्या घड्या घालणारी एक तेलुगू मावशी होती. आमचं चाललेलं ऐकून तिने आप्पांना मास्तर म्हणायला सुरुवात केली. "काय मास्तर, आज कुठल्या राज्यात?" असं ती दारातूनच विचारायची. आप्पा लाजायचे, पण त्यांना ते आवडायचं. महिन्याभरात सगळा तक्ता आम्हाला दोघांनाही पाठ झाला. मला एकटीला झाला असता तर मी तो विसरून गेले असते, असं आता वाटतं.

त्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी पालक आणि मुलांची मिळून सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवली. विषय होता आपला देश. पालकांनी उत्तर द्यायचं, अडलं तर मुलाने मदत करायची. बाईंनी दिलेला कागद मी दप्तरात तीन दिवस ठेवला. आईने तो वह्या काढताना बघितला आणि विचारलं. मला सांगावं लागलं.

आप्पांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. आईने शर्टाला इस्त्री केली. नखांतली शाई जाईना म्हणून त्यांनी मोरीत बसून रॉकेलने बोटं घासली, मग साबणाने, मग पुन्हा रॉकेलने. रिक्षात मी त्यांच्यापासून जरा लांब बसले. वास येत होता. त्यांना ते कळलं असावं, कारण उतरल्यावर ते नळावर गेले आणि पुन्हा हात धुऊन आले.

स्टेजवर सहा जोड्या होत्या. आमच्या शेजारी एक डॉक्टर होते, पलीकडे कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई. प्रश्न विचारणाऱ्या मिस इंग्रजीत विचारायच्या आणि आमच्याकडे आल्या की मराठीत. ते सगळ्यांच्या लक्षात येत होतं, निदान माझ्या येत होतं. आप्पांनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली. दिसपूर त्यांनी इतकं पटकन सांगितलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांचं त्याआधी एक उत्तर चुकलं होतं. आप्पा ताठ बसले. मीही थोडी ताठ बसले, हे खोटं कशाला सांगू.

मग मिसनी विचारलं, "मध्य प्रदेश?"

"गाठ इंदूरला," आप्पा म्हणाले.

माइकमधून ते हॉलभर गेलं. एक क्षण कुणाला काही समजलं नाही आणि मग मागून हसू आलं. "गाठ? कसली गाठ?" कुणीतरी म्हणालं, आणि हसणं पुढच्या रांगांपर्यंत आलं. मिससुद्धा हसल्या, वाईट मनाने नाही.

"इंदूर हे तुमचं उत्तर आहे का?"

"न्हाय न्हाय," आप्पा म्हणाले, आणि त्यांना पुढचं सुचेना. महिनाभर पुढचं मीच म्हणत होते ना. त्यांनी माइक माझ्याकडे केला. गोदामात म्हणायचे त्याच सुरात, पण जरा घाईने, मला म्हणाले, "आक्का, गाठ इंदूरला, राजधानी?"

नियमाप्रमाणे मला मदत करता येत होती. एक शब्द होता. तो माझ्या जिभेवर होता, खरोखरच होता. पण तो त्या वाक्याचा अर्धा भाग होता, आणि मी तो म्हटला असता तर उरलेला अर्धाही माझाच ठरला असता. गाठी, गोणपाट, दाभण, सगळं. माझ्या वर्गातल्या मुली दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी मिसकडे बघितलं आणि म्हणाले, "आय डोन्ट नो, मिस."

आप्पांनी माइक हळूच टेबलावर ठेवला. प्रश्न पुढे डॉक्टरांकडे गेला. त्यांनी भोपाळ सांगितलं.

येताना रिक्षात ते म्हणाले, "माझंच चुकलं. मीच तुला नीट शिकवलं न्हाय."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना खरंच तसं वाटतंय, असा मी सोयीचा अर्थ काढला.

रविवारी डबा घेऊन गेले तर मावशीने विचारलं, "काय मास्तर, बक्षीस कुठंय?"

"मास्तरच कच्चा निघाला," आप्पा म्हणाले आणि दाभणात सुतळी ओवायला लागले. मी तिथेच उभी होते. मावशीने माझ्याकडे बघितलं. तिने आमचा तक्ता महिनाभर ऐकला होता. तिने पुन्हा त्यांना मास्तर म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर आप्पांनी मला अभ्यासातलं काही विचारणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. वह्या आणून द्यायचे, फी भरायचे, परीक्षेला सोडायला यायचे आणि फाटकापाशी थांबायचे. आत येत नसत. मी नववीत नुकती गेले तेव्हा तेलंगण वेगळं झालं. गोदामात मावशी पेढे वाटत होती, तिचं माहेर तिकडचं. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि तिला विचारलं, "मग आता आंध्राची राजधानी कंची?"

"मला काय ठाऊक? पोरीला विचार की, शिकलेली आहे."

"तिला अभ्यास असतो," आप्पा म्हणाले.

मी चार हातांच्या अंतरावर बसले होते. सध्या दोन्हींची हैदराबादच, हे मला येत होतं. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी थांबले. त्यांनी बघितलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

आता मी सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करते. पुस्तकात तोच तक्ता पुन्हा आहे, थोडा बदललेला. परवा संध्याकाळी आप्पा टीव्हीवर बातम्या बघत होते. मी बराच वेळ एकाच पानावर होते. शेवटी मी पुस्तकाकडे बघतच म्हणाले, "आप्पा, पाचवीत ती स्पर्धा होती ना. मला तेव्हा भोपाळ येत होतं."

त्यांनी मान वळवली नाही. "व्हय. तवाच कळलं हुतं."

"मग रिक्षात तसं का म्हणालात?"

"काय म्हणणार? तुला लाज वाटली. ल्हान हुतीस."

"आणि नंतर मला कधीच काही विचारलं नाहीत, ते रागाने?"

"राग कशाला?" ते म्हणाले. "इचारलं आन् तू परत न्हाय येत म्हणलीस तर, असं वाटायचं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पेपर कवा हाय?"

"पुढच्या महिन्यात."

"कुटं?"

"पुण्याला."

"बरं. कर अभ्यास." त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. मग नुसती चित्रं बघत बसले. मी मोठ्याने वाचायला लागले, पाचवीत वाचायचे तसं, राज्य म्हणून जरा थांबायचं आणि मग राजधानी. प्रत्येक राज्यानंतर मी थांबत होते, गाठ कुठं जाते ते त्यांनी म्हणावं म्हणून. ते ऐकत होते, हे मला कळत होतं. पण मधल्या त्या थांब्यात ते काही बोलले नाहीत, आणि दर वेळी गाठीचं गाव गाळूनच मला राजधानी म्हणावी लागली.