मामासाहेबांचं पित्त

डॉक्टरांशी खोटं बोलण्याच्या कलेत माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या बडोदे संस्थानात नव्हता, आणि संस्थानाबाहेर असेल असंही मला वाटत नाही. एरवी माणूस इतका खरा, की पागेतल्या चंदीचा एक चणा कधी त्यांच्या खिशातून घरी आला नाही. एका बड्या सरदारांच्या पागेत ते चाबुकस्वार होते, म्हणजे नवे, बिथरलेले, पाठीवर माशी बसू न देणारे घोडे वळणावर आणायचं काम त्यांचं. मी त्यांना मामासाहेब म्हणत असे. तर हे मामासाहेब डॉक्टरासमोर बसले, की त्यांच्या शरीरात होईल न होईल ते सगळं पित्तानं होऊ लागे. चालता चालता तोल गेला, पित्त. उन्हात डोळे उघडवत नाहीत म्हणून पागोटं भुवयांच्या खाली ओढलेलं, पित्त. शेजारच्या घरी उखळात तांबडी मिरची कांडायला घेतली, की त्या ठोक्यांनी हे ओरडत ओट्यावर यायचे, तेही पित्त. जेवून, हात धुऊन, विडा खाऊन झाल्यावर पुन्हा पाटावर येऊन बसले आणि "वाढा" म्हणाले, त्याचा दोष आदल्या दिवशीच्या वांग्यांवर गेला. एकदा तर त्यांनी मला पागेतल्या एका कुमैत घोड्याच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. तो घोडा त्यांचा फार लाडका होता, आणि जावयाला याहून मोठा मान कुठे मिळायचा? पण माझी बायको त्या दिवशी स्वयंपाकघरातून बराच वेळ बाहेर आली नाही.

बरं, डॉक्टरांकडे जायला त्यांची ना नसे. बायकोनं मला बजावून ठेवलं होतं, "तुम्ही जावई आहात, तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत." शब्द मोडत नसत हे खरं, फक्त डॉक्टर पसंत पडत नसत. घोड्याची परीक्षा करण्यात सारा जन्म गेलेला, त्यामुळे समोर वैद्य आला काय आणि हकीम आला काय, यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची. एका वैद्यबुवांच्या कपाळावर त्यांना वाईट जागी भोवरा दिसला. एक हकीमसाहेब मागचा पाय ओढून चालतात म्हणून त्यांच्या पुड्या घराच्या वाटेवर फेकल्या गेल्या. हकीमसाहेबांना मुळात दोनच पाय, त्यात मागचा कोणता, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मुंबईहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी मात्र त्यांना "तोंड उघडा" म्हटलं, तेव्हा मामासाहेब शांतपणे म्हणाले, "आधी तुम्ही उघडा. दात बघितल्याशिवाय वय कळत नाही." त्या डॉक्टरांनी आम्हांला बाहेरची वाट दाखवली. मी शरमेनं लालबुंद झालो होतो, आणि मामासाहेब वाटेत मला समजावून सांगत होते, की उमदं जनावर असं लगेच लाथ झाडत नाही.

हसायचे दिवस तिथेच संपले. भादव्यातल्या एका दुपारी ते विश्वामित्रीच्या पुलावर कठड्याला धरून उभे राहिलेले कोणाला तरी दिसले. पुढे जाववेना आणि मागेही येववेना. मी कचेरीतून धावत गेलो तर कठड्याचा दगड दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, डोळे मिटलेले, अंगरखा घामानं चिंब. मी हाक मारली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "जावईबापू, आपलं घर कोणत्या अंगाला?" ज्या माणसाला काळोखात दहा कोसांवरून पागेचा वास येई, तो हे विचारत होता. घरी आणून निजवलं तेव्हा त्यांच्या पागोट्याखाली, कानाच्या मागे, एक जुनं टेंगूळ माझ्या हाताला लागलं आणि आंबेहळदीचा वास आला. सासूबाई दाराआड उभ्या होत्या. मी तिकडे पाहिलं, तशी पदर पुढे ओढून त्या लेकीला म्हणाल्या, "त्यांना सांग, मला काही विचारू नका म्हणावं. शपथ घातली आहे." शपथ काय होती तेही लेकीनंच काढून घेतलं: कुणाजवळ बोललीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. म्हणजे बोललं तर नवरा जाणार आणि नाही बोललं तरी जाणार, अशा कात्रीत ती माउली सापडलेली. मला मामासाहेबांचा इतका राग त्याआधी कधीच आलेला आठवत नाही.

मला वाटलं, हा सगळा मानाचा प्रश्न. चाबुकस्वार घोड्यावरून पडला असं कसं म्हणायचं? आणि दसरा तर तोंडावर आलेला. त्या वर्षी महाराज परदेशाहून परत आले होते, स्वारी थाटाची निघणार होती, आणि सरदारांच्या पुढे शेवंती नावाची एक नवी पांढरीशुभ्र घोडी चालवण्याचं काम मामासाहेबांवर होतं. रोज पहाटे ते रपेटीला जात. रोज सासूबाई तुळशीपाशी उभ्या राहत, आणि मामासाहेबांच्या जोड्यांचा आवाज गल्लीत ऐकू येईपर्यंत घरात चूल पेटत नसे.

रावपुऱ्यात एक गुजराती डॉक्टर होते, माझ्याच वयाचे. त्यांच्याजवळ मी सगळं ओतलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "एमने लाव तो खरा. पण दर्दी म्हणून नको." आण, पण रोगी म्हणून नको, असा त्याचा अर्थ. मग घरी येऊन मी मामासाहेबांना सांगितलं, की डॉक्टरांच्या भावाचा घोडा बिघडला आहे, तुमचा सल्ला हवा आहे. मामासाहेबांनी तत्काळ पागोटं चढवलं. वाटेत त्यांचा पाय दोनदा लडखडला, आणि दोन्ही वेळा त्यांनी म्युनिसिपालिटीच्या रस्त्याला नावं ठेवली.

डॉक्टर दारापर्यंत आले. समोरून न येता बाजूनं आले, हे मामासाहेबांनी पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. जनावराजवळ असंच यायचं असतं. "आवो काका, बेसो," डॉक्टर म्हणाले आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. उजेड कमी झाला तसं मामासाहेबांनी पागोटं कपाळावर सारलं. डॉक्टर सांगू लागले, "घोडा पादऱ्याला आहे, भावाच्या गावी. सारो घोडा, पण हमणां बिघडला. उन्हात काढला तर डोळे मिटतो. वाजंत्री ऐकली की थरथरतो."

"चंदी खातो?"

"कधी खातो, कधी खाऊन विसरतो. सपाट जमिनीवर ठेच लागते. आणि काका, परवा पोताना तबेलानो रस्तो भूली गयो."

मामासाहेब पुढे सरकले. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर जे धुकं असे ते कुठल्या कुठे गेलं होतं. "पोटाचं नाही हे," ते ठासून म्हणाले. "वैद्य पोटाचं सांगतील, ऐकू नका. डोक्याला मार आहे त्याच्या. एकदाचा नाही, जुना. पहिला मार जनावर अंगावर काढतं, कुणाला कळत नाही. त्याच्यावर दुसरा बसतो, तिसरा बसतो. मग हे असं होतं."

"उपाय?"

"अंधारात बांधा. मऊ गवत घाला. कुणी जवळ ओरडायचं नाही. आणि खोगीर..." ते थांबले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो आपोआप मिटला. "खोगीर उतरवा. पुन्हा घालू नका. आता पडला तर उठायचा नाही तो."

बाहेर रस्त्यावर एक टांगा गेला आणि त्याच्या घंटेनं मामासाहेबांचा डोळा बारीक झाला. हा माणूस आता उठून निघून जाणार आणि उद्या पहाटे पुन्हा शेवंतीवर बसणार, हे मला समोर दिसत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हा घोडा पादऱ्याला नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामासाहेबांनी मला दार लावायला सांगितलं, आणि मग जन्मात पहिल्यांदा डॉक्टराशी खरं बोलायला सुरुवात केली. कोणत्या घोड्यानं केव्हा पाडलं, डोकं कशावर आपटलं, किती वेळ भान नव्हतं, हे ते सांगत होते, आणि प्रत्येक घोड्याचं गुणवर्णनही करत होते. एकानं तबेल्याच्या खांबावर भिरकावलं, "पण काय चाल होती त्याची!" एका घोडीनं कालव्यात टाकलं, "फार मायाळू, नंतर स्वतःच हुंगायला आली." त्या पडण्यानंतर अर्धा दिवस त्यांना स्वतःच्या लेकीचं नाव आठवलं नव्हतं. ती लेक माझी बायको. शेवंतीनं त्या पावसाळ्यातच तीनदा पाडलं होतं.

"आटलुं सगळं का लपवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब, चाबुकस्वाराला पाडलं की घोडं ऐबी, खोडीचं ठरतं. ऐबी घोडं सरदाराच्या दारात ठेवत नाहीत. टांग्याला जातं, ओझ्याला जातं. शेवंतीला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं हो. त्या अंगानं काही एकदम आलं की घाबरते बिचारी. तिचा काय दोष? टांग्याला जुंपली तर दोन महिने जगायची नाही ती."

मी मानाचा प्रश्न समजत होतो, आणि हा माणूस एका घोडीसाठी स्वतःचं डोकं पणाला लावून बसला होता. मला गहिवरून आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. हलवणं तर आता अजिबातच चालण्यासारखं नव्हतं. डॉक्टर जवळ वाकून म्हणाले, "काका, पुन्हा पडलात तो मारी पासे दवा नथी. घोडी तुमची जगली पाहिजे, बराबर. पण काकी पण छे ने घरमां."

दुसऱ्या दिवशी मामासाहेब मला घेऊन पागेत गेले. पागेच्या दारोगांसमोर, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांच्या देखत, ते उभे राहिले आणि म्हणाले, "घोडी सोन्यासारखी आहे. माझ्याच्यानंच आता बसवत नाही. मांडीत जोर राहिला नाही." मोतद्दार एकमेकांकडे पाहू लागले. एक मेला हसलासुद्धा. "काय चाबुकस्वार, शेवटी भ्यालात?" त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. मामासाहेबांनी ऐकून घेतलं. मग हाताखालच्या एका जाणत्या स्वाराला बाजूला नेऊन त्यांनी शेवंतीच्या डोळ्याचं सारं समजावलं, आणि तिच्या डाव्या अंगाला एक म्हातारा, शांत घोडा चालेल अशी सोय दारोगांकडून करून घेतली. निघताना शेवंतीच्या मानेवरून हात फिरवला. ती त्यांचा खांदा हुंगत राहिली आणि ते तिला पित्ताचं काहीतरी सांगत होते.

दसऱ्याला डॉक्टरांनी घरी अंधारात पडून राहायला सांगितलं होतं. मामासाहेब पडून राहणार नाहीत हे डॉक्टरांनाही ठाऊक असावं. मांडवी दरवाज्याच्या अलीकडे एका दुकानाच्या ओट्यावर आम्ही उभे होतो. हत्ती गेले, निशाणं गेली, उन्हात चिलखतं लखलखत होती, आणि मामासाहेब उपरण्यानं डोळे झाकून टापा ऐकत होते. "आली," ते एकदम म्हणाले आणि उपरणं काढलं. खरोखरच शेवंती वळणावर आली होती. नेमका त्याच क्षणी बँड सुरू झाला. तिनं मान वर फेकली, दोन पावलं आडवी सरकली, पुढचे लोक ओरडत मागे रेटले गेले. स्वार घट्ट लगाम ओढून बसला होता. मामासाहेबांच्या दोन्ही मुठी छातीशी आल्या होत्या आणि हळूहळू उघडत होत्या. "सैल सोड," ते पुटपुटत होते, "सैल सोड रे बाबा, भिते आहे ती." त्या गदारोळात स्वाराला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण शिकवलेलं त्याला वेळेवर आठवलं. लगाम सैल झाला. शेवंतीनं बाजूच्या म्हाताऱ्या घोड्याला नाक लावलं, मान खाली घातली आणि नव्या नवरीसारखी चालू लागली. लोक स्वाराला शाबासकी देत होते.

तिची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत मामासाहेब बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते उजेडानं की कशानं ते मी विचारलं नाही. मग त्यांनी माझा खांदा चाचपला.

"जावईबापू, घरी चला," ते म्हणाले. "डोकं फार दुखतंय माझं."

पुढे पित्त म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून लहान लहान पावलं टाकत राहिले, आणि मी त्यांना गर्दीच्या कडेकडेनं, सावलीसावलीतून घरी घेऊन गेलो.