खालसून वर

फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या आमच्या शाळेत, स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. पार्श्याहून आईच्या शेजारणीचा, सुमतीवहिनीचा फोन. "बाय, काकी दार उघडना गो. खिडकीतसून बघितलंय, निजलेली दिसता, पण..." मी वह्या तशाच टाकून निघाले. फोंड्याहून दादा यायच्या आधी मी पोचले. आई कुशीवर झोपली होती, पांघरूण नीट, हात उशाखाली. दाराजवळ टोपली धुऊन पालथी घातलेली आणि तिला टेकून टोकाला खिळा ठोकलेली, काजू वेचायची काठी. काजूला मोहोर आला होता. आणखी तीन आठवड्यांत बी पडायला लागणार होती.

एकाहत्तराव्या वर्षी, झोपेत, स्वतःच्या घरात, स्वतःच्या काजूंच्या पायथ्याशी मरण. भेटायला आलेले सगळेच म्हणाले, भाग्यवान बाई. मला मान्य नाही. भाग्याने आईला फारसं काही दिलं नव्हतं. असं मरण येण्यासाठी ती एकदा लढली होती आणि जिंकली होती. ती लढाई श्रीलंकेत झाली असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून ती नीटच सांगते.

गोवा मुक्त झाला तेव्हा आई सात वर्षांची होती. मग वाड्यावर शाळा आली आणि तिच्या वाट्याला चौथीपर्यंतची मराठी अक्षरं आली. तिचं खरं शिक्षण झालं ते घरामागच्या उतारावर. बाबा लवकर गेले. उतारावरच्या त्या काजूंच्या जिवावर तिने आम्हा दोघांना वाढवलं. पहाटे ती बी वेचायला निघायची, तिच्यामागे दादा, दादाच्या मागे मी, आणि नियम एकच. खालच्या बेड्यातून, म्हणजे बांबूच्या फाटकातून आत शिरायचं आणि वेचत वेचत वर जायचं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पडतो तो घरंगळत खाली येतो आणि सुक्या पानांच्या आड कुठल्या तरी दगडाला अडकून बसतो. वरून येणाऱ्याला फक्त पानं दिसतात. शिवाय उतारावरची सुकी पानं म्हणजे तेल सांडलेली फरशी. "वरसून शोधणारो आपले पाय बघता, खालसून चढणारो जमीन बघता," असं ती म्हणायची. लहानपणी मला तो निव्वळ जाच वाटे, कारण वर करवंदांच्या जाळ्या होत्या आणि मला आधी तिथे पोचायचं असे.

बासष्टाव्या वर्षी आई त्याच उतारावर घसरून पडली. मनगट मोडलं. दादा तेव्हा आखातातली नोकरी सोडून फोंड्यात स्थिरावला होता. तो तिला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. माझ्या वहिनीने, दादाच्या बायकोने, तिचं सगळं मनापासून केलं, खोटं कशाला बोलू? पण हात बरा झाला तरी आईला परत जायला मिळेना. दादा म्हणायचा, "आता तुझा वय झाला आये." आई खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत राहायची. आठ महिन्यांत ती इतकी मिटली की मला भीती वाटायला लागली. शेवटी दादाने ठरवलं, काजू गावातल्या एका ओळखीच्या माणसाला कायमचे बघायला द्यायचे आणि घराला कुलूप लावायचं. दिवाळीनंतर त्याला होकार कळवायचा होता.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शिक्षक मंडळी घरच्यांसह श्रीलंकेला निघालो होतो. माझ्या नवऱ्याला ऐन वेळी रजा मिळेना. दादा आखातात असताना हौसेने काढलेला आईचा पासपोर्ट कपाटात कोरा पडला होता, म्हणून जावयाच्या जागी सासूबाईंचं नाव लागलं. दादा कुरकुरला, "थंय चलूचा लागता गो." आई पहिल्यांदाच त्याला म्हणाली, "माका पाय आसत."

कँडीच्या मुक्कामात आमचे टूरवाले कामत यांना खेळाची लहर आली. त्याचं नाव खजिना शोध. दोघादोघांच्या जोड्या, तीन तास आणि पाच वस्तू आणायच्या: न तोडलेलं, गळून पडलेलं पिंपळपान, बसचं वापरलेलं तिकीट, सिंहली अक्षरांत लिहून घेतलेलं आपलं नाव, आपल्या स्वयंपाकघरातला एक मसाला, आणि पाचवा, कामतांनी स्वतः लपवलेला लाकडी हत्ती. हत्ती एकच होता. तळ्यापासून टेकडीवरच्या पांढऱ्या बुद्धमूर्तीपर्यंत जी पायवाट जाते, तिच्यावर कुठेतरी. काही खणायचं नाही, काही हलवायचं नाही, फक्त बघायचं.

पहिल्या चार वस्तू आईने तासाभरात आणल्या. मी इंग्रजीतून विचारत राहिले आणि ती सरळ आपल्या पेडण्याच्या बोलीतून. बसथांब्यावर उतरणाऱ्या एका बाईपुढे तिने हात पसरला, "तिकीट दी गो बाय," आणि त्या बाईने हसून दिलं! मसाल्याच्या दुकानात तर तिने दालचिनीची साल मोडून हुंगली आणि ती शिळी असल्याचं दुकानदाराला मान हलवून पटवून दिलं. त्याने मुकाट्याने आतली काढली. मी तिच्यामागून पिशवी घेऊन चालत होते.

टेकडीच्या पायथ्याशी आलो तर बाकीच्या जोड्या रिक्षांतून वर निघालेल्या. वर पोचायचं, मग शोधत आरामात उतरायचं. मीही रिक्षेला हात केला. आईने तो खाली ओढला.

"आपण खालसून."

"आये, केवढी चढण आहे बघ."

"बघितलंय." मग कमरेला पदर खोचत ती म्हणाली, "ही टेकडी चढलंय तर मी पार्श्यात जातलंय. नाय चढलंय तर फोंडा आसाच. मगे मी तोंडातसून शब्द काढूचंय नाय."

खेळ माझ्यासाठी तिथेच संपला. हत्ती गेला खड्ड्यात, आता आईने वर पोचायला हवं होतं. मी तिचं ओझं घेतलं, पाणी धरलं, दर वळणावर थांबूया म्हटलं. ती मात्र बी वेचायच्या चालीने निघाली होती, सावकाश, एका लयीत, नजर पायांच्या चार हात पुढे. अर्ध्या वाटेवर तिला धाप लागली. एका पायरीवर बसली. मी बाटली उघडून तिच्या हातात दिली. आणि मग तिने मला ते सांगितलं, जे आठ महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ती वयामुळे पडली नव्हती. उताराच्या माथ्यावरून नवा रस्ता झाला होता. आईची चढण वाचावी म्हणून फोंड्याहून आलेल्या दादाने तिला गाडीने वरच्या अंगाला सोडलं आणि तो कसल्याशा कामासाठी पेडण्याला गेला. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती वरून खाली वेचायला निघाली आणि दहाव्या पावलाला पानांवरून घसरली. आम्हाला तिने 'घसरलंय' एवढंच सांगितलं होतं, कुठे आणि कशी ते नाही.

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"तेणां मायेन सोडलेला गो. सांगितलंय तर जलमभर तेच्या काळजाक लागात. तू पण सांगू नको." पाण्याचे दोन घोट घेऊन ती उठली.

पुढे आमचे पी.टी.चे गावकर सर उतरताना भेटले. जिंकणार ते तेच, असं सगळ्यांनी धरलेलं. "काकी, वाट चुकलात! आधी वर जायचं, मग शोधत खाली यायचं." आई म्हणाली, "तुमी या खाली. आमी जातो वर." सर हसत गेले. त्यानंतर तिसाव्या की चाळिसाव्या पायरीवर आई थबकली. पायवाटेच्या कडेला दगडी भिंत होती आणि पाणी निघून जावं म्हणून तिच्यात भोकं ठेवलेली. त्यातल्या एका भोकावर पुढे आलेल्या दगडाची वळचण होती. वरून येणाऱ्याला फक्त दगड दिसणार. आईने खालून बघितलं आणि बोट केलं. आत, सोंड वर करून, हत्ती बसला होता.

मी किंचाळले. आईने हत्ती पदराने पुसला, मला दिला आणि चालू लागली.

"आता कुठे? मिळाला ना?"

"टेकडी खंय मिळाली अजून?"

शेवटची चढण तिने एकदाही न बसता पार केली. त्या प्रचंड पांढऱ्या बुद्धाच्या पायाशी उभी राहून तिने हात जोडले आणि वळून खाली तळ्याकडे बघितलं. आठ महिन्यांनी मला माझी आई परत दिसत होती, घामाने निथळणारी, केस विस्कटलेली, आणि इतकी ताठ! मी तिला मिठी मारून रडले. ती म्हणाली, "रडतंस कित्याक? जिंकलंव मगो." रात्रीच्या जेवणाला गावकर सरांनी उठून तिच्या पाया पडून सगळ्यांना हसवलं.

दाबोळी विमानतळावर दादा गाडी घेऊन आला होता. आईने हत्ती त्याच्यासमोर काचेपाशी ठेवला आणि म्हणाली, "फोंड्याक नको. पार्श्यात चल."

"आये, परत काय झाला तर?"

"टेकडी चढून इलंय मी. बायक विचार."

मी अख्खी टेकडी सांगितली, फक्त ती एक गोष्ट सोडून. दादा ऐकत गाडी चालवत राहिला. फोंड्याकडे वळायचा फाटा आला आणि तो वळला नाही. आईने डोळे मिटून सीटला पाठ टेकली.

त्यानंतर तिने नऊ हंगाम केले. नऊ! हत्ती खिडकीत बसला, सोंड उताराकडे करून. ती परतली त्याच आठवड्यात दादाने गवंडी आणून माथ्यावरची वाट चिऱ्यांच्या गडग्याने बंद करून टाकली. म्हणाला, वरून गुरं शिरतात. आई तेव्हा मला हळूच म्हणाली होती, "वरसून गुरां आमच्यात कधी येवक नाय," आणि स्वतःशीच हसली होती. मला वाटलं, दादाच्या भाबडेपणाला हसली.

गेल्या रविवारी दादाने मला पार्श्याला बोलावून घेतलं. बी पडायला लागली होती. मी पोचले तर त्याची गाडी खालच्या बेड्यापाशी उभी. पन्नाशीला टेकलेला, गुडघे दुखणारा माझा भाऊ हातात आईची काठी घेऊन वाट बघत होता. आम्ही निघालो, तो पुढे, मी मागे, त्याच्याही पुढे एका माणसाची जागा मोकळी... पानांखाली तिच्या बिया तशाच होत्या, दगडांना टेकून बसलेल्या. वर पोचेतो टोपली भरली. गडग्याला टेकून दादा धापा टाकत होता.

मी चिऱ्यांवर हात ठेवून म्हटलं, "गुरांसाठी चांगला पक्का बांधलास रे."

त्याने पलीकडच्या रस्त्याकडे बघितलं, जिथे त्याने तेव्हा गाडी थांबवली होती.

"गुरां खंयची गो..." तो म्हणाला. मग टोपली त्याने माझ्या हातातून घेतली आणि आम्ही सांभाळून, एकमेकांना धरून खाली उतरलो.