सगळ्यांचं रक्त एका फायलीत

कुवेतमधल्या फहाहीलच्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या पेशंटांचं वर्षभराचं रक्त मी एकदा सहा वर्षांच्या एका मुलीच्या नावावर केलं. जाणूनबुजून नव्हे. कॉम्प्युटरच्या सी भाषेतल्या चार ओळींनी केलं, आणि त्या चार ओळींवर मी इतकी खूश होते की संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला त्या कागदावर लिहून दाखवल्या. तो तेल कंपनीत इंजिनीयर. त्याने चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाला, "छान. जेवायला काय आहे?"

हे नव्वद सालच्या फेब्रुवारीतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुवेतचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्यावर लिहायला बसलेली नाही. फेब्रुवारीत हवा सुखाची होती आणि माझ्या डोक्यातही भरपूर हवा होती. वय एकतीस, केस नुकतेच खांद्यापर्यंत कापलेले, पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्या दवाखान्यात कॉम्प्युटर कळणारी मी एकटीच, त्यामुळे मी सांगेन ते खरं. एकोणनव्वदच्या सुरुवातीलाच मी सांगितलं की आता दवाखान्यात रिपोर्टच्या कागदी प्रती ठेवायची गरज नाही. ठेवणं बंद झालं. मी सांगितलं की लॅबमध्ये वही लिहिण्यात वेळ फुकट जातो. वही बंद झाली. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "आजी, यू वेअर द बॉस!" बॉस कसली, शिंगं फुटलेलं वासरू होते.

कॉम्प्युटरमध्ये फायलींची मांडणी अशी होती. आधी पेशंटांचा मोठा कप्पा, मग तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश. मग पेशंटचा नंबर, पुन्हा स्लॅश. मग वर्ष, स्लॅश. आणि सगळ्यात शेवटी फाइलचं नाव. ही नावं तीनच: ब्लड, युरीन, एक्स-रे. प्रत्येक पेशंटच्या कप्प्यात याच तीन फायली. कुवेतमधला पत्ता असाच असतो. आधी भाग, मग ब्लॉक, मग रस्ता, मग इमारत, आणि शेवटी फ्लॅट नंबर सात. सात नंबरचा फ्लॅट गावात प्रत्येक इमारतीत असतो, पण आधीचा पत्ता असल्यामुळे पोस्टमन गोंधळत नाही.

एवढा लांबलचक पत्ता पडद्यावर बरा दिसत नाही म्हणून मी त्या चार ओळी लिहिल्या होत्या. पत्त्याच्या उजव्या टोकापासून मागे यायचं, पहिला स्लॅश भेटला की थांबायचं, त्याच्या पुढचं ठेवायचं आणि मागचं सगळं छाटून टाकायचं. पडद्यावर नुसतं 'ब्लड' दिसायचं. सुटसुटीत. इथपर्यंत मी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मग डिस्क भरत आली. एकोणनव्वद सालच्या सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर हलवायचं ठरलं. त्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला, आणि नव्या जागेचं नाव तयार करताना, हाताशी आहेच म्हणून, त्याच चार ओळी वापरल्या. म्हणजे पहिल्या पेशंटची 'ब्लड' दुसऱ्या डिस्कवर गेली. दुसऱ्याचीही 'ब्लड' या नावानेच गेली आणि पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसली. तिसऱ्याची दुसऱ्याच्या डोक्यावर. मशीन बिचारं तक्रार करत नव्हतं. फाइल पोचली की जुन्या जागेवरची पुसत होतं आणि पडद्यावर 'हलवली, हलवली' असं लिहीत होतं. मी समोर बसून संत्रं सोलत होते.

काम संपलं तेव्हा पहिली डिस्क मोकळी झाली होती आणि दुसरी भरलीच नव्हती. यात काहीतरी चुकतंय हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. मला वाटलं, काय सुबक काम केलंय! वर आणखी शहाणपणा म्हणून त्याच दिवशी बॅकअपच्या टेपवर ताजी प्रत काढली. टेप एकच होती. तिच्यावरचं जुनं सगळं पुसलं गेलं.

पंधरा दिवसांनी आमच्या डॉक्टरबाईंनी हाक मारली. नागपूरच्या, पन्नाशीच्या, सगळ्यांना अगं-तुगं करणाऱ्या.

"अगं, त्या पाइप फिटरचे गेल्या वर्षीचे किडनीचे आकडे काढून दे."

हा फिटर रत्नागिरीकडचा, अठरा वर्षं कुवेतमध्ये पाइप जोडत होता. घरी दोन मुली शिकत होत्या. ब्लड प्रेशरसाठी दर तीन-चार महिन्यांनी आमच्याकडे यायचा आणि प्रत्येक वेळी रक्त तपासलं जायचं. या वेळी किडनीचा आकडा असायला हवा त्याच्या तिपटीहून जास्त आला होता. पाठदुखीसाठी तो दोन महिने दुकानातून गोळ्या आणून मनाने खात होता, हेही निघालं.

मी शोधलं. त्याच्या कप्प्यात एकोणनव्वद साल नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर पाहिलं, तिथे तीन फायली. फक्त तीन. 'ब्लड' उघडली तर आत आमच्या यादीतल्या शेवटच्या पेशंटचं, त्या सहा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन. डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी आकडा ठीक असेल तर हे गोळ्यांनी झालंय, उतरेल, मी तसं लिहून देते. गेल्या वर्षीच वाढत असेल तर किडनी हळूहळू चाललीय, आणि कंपनी त्याला अनफिट म्हणून घरी धाडेल. परवा त्यांना माझं पत्र हवंय. न बघता मी 'ठीक होता' लिहिणार नाही."

"पेशंटला आपण एक छापील प्रत देतो."

"मग जा. इथे काय उभी राहिलीस?"

मला गाडी चालवता येत नव्हती. फिटर राहायचा त्या अबू हलीफा भागात नवऱ्याने नेलं, वाटेत एकदा म्हणाला, "मला कागदावर दाखवल्यास त्याच चार ओळी का?"

फ्लॅटमध्ये चार कोकणी माणसं राहत. फिटर गादीवर पडून होता, चेहरा सुजलेला. खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "रेकॉर्ड तपासायचंय, जुने रिपोर्ट आहेत का?"

"कागद? व्हय, व्हते की." त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अरे, ते दवाखान्याचे कागद खंय टाकलेस?"

आतून उत्तर आलं, "फळीवर घातलेत! जाड होते ना!"

आमचा प्रिंटरचा कागद खरंच जाड होता, दोन्ही कडांना भोकं असलेला. मी, नवरा आणि तो स्वयंपाक करणारा गडी, तिघांनी मिळून लोणच्याच्या बरण्या, आमसुलाचा डबा आणि सुक्या बोंबलांची पिशवी खाली काढली. एक कागद आमसुलाने लाल झालेला, एक तेलात पारदर्शक झालेला, तिसरा धड. नवऱ्याने तेलकट कागद ट्यूबलाइटसमोर धरला आणि मोठ्याने आकडा वाचला. एक पूर्णांक एक. लालवर एक. तिसऱ्यावर पुन्हा एक पूर्णांक एक. वर्षभर सगळं ठीक होतं. मी तिन्ही कागद पर्समध्ये ठेवले. गडी म्हणाला, "बाई, आता फळीवर काय घालू?" नवऱ्याने गाडीतलं वर्तमानपत्र आणून दिलं.

डॉक्टरबाईंनी बोंबलाचा वास येणारे ते तीन कागद पत्राला जोडले आणि परवाच्या आत पाठवले. गोळ्या बंद झाल्या. तीन आठवड्यांनी फिटर पुन्हा रक्त द्यायला आला तेव्हा आकडा निम्म्यावर उतरला होता आणि त्याला पुढच्या महिन्यापासून हलक्या कामावर घेणार होते. तेव्हा मी त्याला बाकावर बसवून सगळं सांगितलं: स्लॅश, चार ओळी, फायली एकमेकींच्या डोक्यावर कशा बसल्या, टेप. बाकीच्यांचे रिपोर्ट अजून घरोघरी जाऊन गोळा करतेय, तेही सांगितलं. त्याने दंडाला कापूस दाबून धरत शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "बाई, अठरा वर्सं पाइप कापतोय मी. कुठल्या लायनीचा ते खडूनं लिवल्याबिगर करवत लावत नाय. तुमच्या त्या मशीनीत खडू मिळत नाय काय?"