घटाच्या दिवसांतल्या गोळ्या

विद्युल्लता म्हणजे सांगितलेलं ऐकणारी बाई. धारच्या सरकारी शाळेत हिंदी शिकवते आणि मुलांकडूनही तेच मागते: सांगितलं ना, मग तसंच करायचं, फाटे फोडायचे नाहीत. ह्याच गुणाने तिचा घात केला, बघा.

उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. लाल झाला, ठणकला, तर घरचे म्हणाले डोळे आलेत, गुलाबपाणी घाल. डोळे कसले येतात महिना महिना! आत सूज होती, थेट पडद्यापर्यंत पोचलेली. देवासला डोळ्यांच्या डॉक्टर माधवींनी पाहिलं तोवर त्या डोळ्यात उजेड-अंधाराखेरीज काही उरलं नव्हतं. तीच सूज डाव्यातही शिरली होती. आता जिवाला एकच घोर, डावा वाचवायचा.

दर महिन्याला देवास. शिरेत पिवळं औषध सोडायचे, हनुवटी मशीनवर टेकवून पडद्याचे फोटो काढायचे. मग दिवसभर लघवी झेंडूसारखी. डॉक्टर अशा पुष्कळ रोग्यांचे फोटो जमवत होत्या. "ताई, सूज तुम्हाला कळायच्या आधी फोटोत दिसते. कौलं गळावीत तशा नसा गळायला लागतात. ती गळती कुठून सुरू होते तेच आम्ही शोधतोय."

गोळ्यांनी गळती थांबत आली होती. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: गोळी चुकवायची नाही, आणि रिकाम्या पोटी घ्यायची नाही.

आणि आलं नवरात्र. सासूबाई, यमुनाबाई, गुडघेदुखीने बसल्यापासून घट विद्युल्लताच राखायची. घरची रीत कडक. घट राखणारीने रात्री आरतीनंतर पेलाभर दूध घ्यायचं, बाकी काही नाही. यमुनाबाईंनी जन्मभर तसंच केलं, असं गल्लीत सगळे सांगायचे.

"इस साल रहने दे ना, मी बोलतो आईशी," नवरा, कुशल, म्हणाला.

"वेड लागलंय का? मी देवीचंही ऐकेन न् डॉक्टरांचंही."

पोट रिकामं, म्हणून तिने गोळी घेतली नाही. दुधाने का पोट भरतं! नऊच्या नऊ दिवस नाही घेतली. अहो, एक फोन करायचा होता! पण नजर स्वच्छ होती, देवी सांभाळतेय असं तिला मनापासून वाटत होतं.

दसऱ्याला पुरणपोळी जेवून गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा डोळ्यापुढे धूर होता. अखंड दिव्याची काजळी असेल, धूप बाधला असेल. दिवाळीच्या धांदलीत देवासची तारीखही पुढे ढकलली. धूर दाट होत गेला.

देवासला डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले, भाद्रपदातला आणि आजचा. विद्युल्लताला मान तिरकी करून बघावं लागलं. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग.

"ये इतना सफेद क्या है?" कुशलने विचारलं.

"गळती. आणि वाचायची नजर असते तिथे व्रण पडलाय. ताई, गोळ्या घेत होतात ना?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, दुधाबरोबर चालली असती! एक केळं पुरलं असतं, ताई, एक केळं."

"मला वाचता येईल?"

"नाही." मग हळूच, "तुमचे फोटो दुसऱ्यांच्या उपयोगी पडतील."

"आग लगे फोटो को," कुशल म्हणाला, आणि रडला.

घरी यमुनाबाई दारातच बसल्या होत्या. कुशलने पायरीवरच सगळं सांगून टाकलं, केळ्यासकट.

"केळं? केळं तर मी रोज खायचे. देवघरामागे, दुपारी. भूक सोसवायची नाही गं. सगळ्या बायका कौतुक करायच्या, मग सांगायची लाज वाटली."

"मला तरी सांगायचं होतं, आई," विद्युल्लता म्हणाली.

"तू इतकं कडक करायचीस. आणि कधी विचारलंस गं?"

विद्युल्लताने कधीच विचारलं नव्हतं. ती आवाजाच्या दिशेने वळली. सासूबाईंचं लुगडं दिसत होतं, मांडीवरचे हात दिसत होते. चेहरा असायचा तिथे नुसता धूर होता.